हृदयात अडकलेला पोर्टचा तुकडा: काढायचा की राहू द्यायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हाला कळेल आणि नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ५८. ४ वर्षांपूर्वी केमोसाठी कॉलर बोनच्या खाली पोर्ट (औषध टोचायची छोटी डबी आणि तिच्यापासून शिरेत जाणारी नळी) बसवला, उपचार झाले, आई बरी झाली, पोर्ट मात्र तसाच राहिला. आता तो काढायला गेलात तर डबी आली आणि तिच्याबरोबर नळीचा जेमतेम बोटभर तुकडा आला. बाकीची नळी शोधायला एक्स-रे काढला तर ती हृदयात, एक टोक उजव्या वरच्या कप्प्यात आणि दुसरं झडपेतून खालच्या कप्प्यात उतरलेलं. एक डॉक्टर म्हणतात लगेच काढा, दुसरे म्हणतात त्रास नाही ना मग हात लावू नका. आई म्हणते मला काहीच होत नाही, आणि तुम्हाला मात्र रात्रभर झोप नाही.

मी २० वर्षांहून जास्त काळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत शिरेतून नळी घालून उपचार करतात तिथे, काम करतोय, हृदयातून आणि नसांमधून अशा अडकलेल्या गोष्टी काढणं हा त्यातला एक भाग. तरी आधीच सांगतो, मी आईचे फोटो पाहिलेले नाहीत, इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मी अशा केसमध्ये कसा विचार करतो ते आहे, अंतिम निर्णय फोटो समोर ठेवून बसलेल्या माणसानेच घ्यायचा. पण तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर माझं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. तुकडा काढावा, येत्या काही दिवसांत काढावा, आणि बहुतेक वेळा त्यासाठी छाती उघडावी लागत नाही, जांघेतल्या शिरेतून निघतो.

आता दुसरे डॉक्टर चुकीचं बोलले का? तसंही नाही. हृदयात किंवा मोठ्या नसांत वस्तू आहे आणि ती आयुष्यभर तशीच ठेवलीय असे पेशंट माझ्याकडेही आहेत. गोंधळ होतो तो "हृदयात वस्तू" हे दोन शब्द ऐकून सगळ्या वस्तूंना एकच नियम लावल्यामुळे. मी फोटो हातात आला की पहिल्यांदा एवढंच बघतो, ही वस्तू सुटी आहे का रुतलेली आहे, आणि सुटी असेल तर रक्ताच्या धारेबरोबर तिचं पुढचं स्टेशन कुठलं. बाकी सगळं, म्हणजे काय वस्तू आहे, किती मोठी, किती जुनी, टोकदार आहे का, हे त्याच्यानंतर.

स्टेशनचं गणित सोपं आहे. शरीरभरचं अशुद्ध रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून झडपेतून उजव्या खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसाच्या धमनीत. म्हणजे उजव्या बाजूला सुटी असलेली कुठलीही गोष्ट शेवटी फुप्फुसात जाऊन अडकते. डाव्या बाजूची गोष्ट मात्र एओर्टामधून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतून, बाहेर पडते आणि मग मेंदू, किडनी, आतडं, पाय, कुठेही जाऊ शकते. तोच तुकडा उजवीकडे असला तर काम बऱ्यापैकी निवांत करता येतं, डावीकडे सुटा असला तर मी त्याच दिवशी टीम गोळा करतो. आईचा तुकडा उजवीकडे आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. एक बारीक अपवाद असा की साधारण दर ४ माणसांत एकाला दोन वरच्या कप्प्यांच्या मधल्या पडद्यात जन्मापासूनची एक छोटी फट उरलेली असते, आणि तिच्यातून उजवीकडची गुठळी क्वचित डावीकडे जाऊ शकते. म्हणून इको करताना तो पडदाही बघून घ्या असं सांगा.

मग फुप्फुसात गेला तर गेला, तिथे बसून राहील, असं कोणी म्हणेल. लहान तुकडा फुप्फुसातल्या धमनीच्या अगदी टोकाच्या फांदीत जाऊन बसला तर खरंच पुष्कळदा काही होत नाही. पण आईचा तुकडा लांब आहे आणि झडपेत आडवा पडलाय. हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडकतं, म्हणजे त्या नळीचं टोक खालच्या कप्प्याच्या भिंतीवर दिवसाला लाखभर वेळा टेकतंय, आणि झडप तेवढ्याच वेळा तिच्यावर मिटतेय. ४ वर्षांतला किती काळ ती तिथे आहे माहीत नाही, कदाचित ४ महिने, कदाचित २ वर्षं. त्या काळात काय काय होऊ शकतं तर नळीवर गुठळी धरते आणि सुटून फुप्फुसात जाते, टोक भिंतीला लागून ठोके अनियमित होतात, झडप गळायला लागते, अगदी क्वचित टोक भिंत भोसकून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचतं. आणि मला सगळ्यात जास्त धास्ती इन्फेक्शनची. रक्तात जंतू कधी ना कधी येतातच, दाताच्या कामानंतर, लघवीच्या इन्फेक्शननंतर, साध्या गळवानंतर. एरवी शरीर ते निपटून काढतं. पण आत परकं प्लास्टिक असलं की जंतू त्याच्यावर थर करून बसतात आणि त्या थरापर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. मग महिनाभर ताप, झडपेवर वाढलेले गोळे, आणि तेव्हा तो तुकडा काढणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड.

तुमचा दुसरा प्रश्न होता की इतके दिवस आईला कळलं कसं नाही. हा प्रश्न मला प्रत्येक घरातून येतो आणि त्यामागे कुठेतरी "आपण लक्ष दिलं नाही का" ही टोचणी असते. तुम्ही लक्ष दिलं नाही म्हणून हे झालेलं नाही. हृदयाच्या आतल्या अस्तराला त्वचेसारखा स्पर्श कळत नाही. आमचे पेशंट टेबलावर जागे असतात, गप्पा मारत असतात, आणि माझी नळी त्यांच्या हृदयात फिरत असते तेव्हा त्यांना फार तर एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं. १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मनीतल्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटरची नळी आत सारली आणि तशीच घेऊन एक्स-रेच्या खोलीत चालत गेला, फोटोत टोक हृदयात दिसलं. तेव्हा लोक हादरले, १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेलमध्ये वाटा मिळाला. तर सांगायचं एवढंच की आईला काही न कळणं हे अगदी नेहमीचं आहे, पण "त्रास नाही" म्हणजे "धोका नाही" असं त्यावरून धरता येत नाही. तुटलेल्या पोर्टच्या बऱ्याच केस अशाच सापडतात, कशासाठी तरी काढलेल्या एक्स-रेत नाहीतर पोर्ट काढताना.

नळी तुटली कशी, हेही तुम्ही विचारलंय आणि कोणाची चूक असंही. बघा, पोर्टची नळी कॉलर बोनखालच्या शिरेत घालताना ती जर थोडी आतल्या बाजूने, छातीच्या मध्याकडे गेली तर ती कॉलर बोन आणि पहिल्या बरगडीच्या मधल्या सांदीत येते. हात वर केला की सांद उघडते, खाली केला की मिटते. भांडं वर ठेवा, केस विंचरा, प्रत्येक वेळी ती कात्री नळीवर चालते. आधी नळी चपटी होते, मग तिला चीर पडते, मग एक दिवस दोन तुकडे. पुढचा तुकडा रक्ताबरोबर वाहत हृदयात. यात त्या वेळी बसवणाऱ्याने निष्काळजीपणा केला असंच म्हणता येत नाही, शरीराची ठेवण, कोन, आणि किती वर्षं पोर्ट आत राहिला हे सगळं त्यात येतं. मानेच्या शिरेतून घातलेल्या नळीला ही सांद लागत नाही म्हणून आम्ही शक्यतो तो मार्ग निवडतो.

ज्यांच्याकडे अजून पोर्ट आहे त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो कारण हे आधी ओळखता येतं. पोर्टमधून औषध जाताना अडतंय आणि हात डोक्यावर घेतला की जातंय, खाली केला की परत अडतंय, हे लक्षण ऐकलं की मी लगेच उभ्याने छातीचा एक्स-रे काढायला लावतो. कॉलर बोनखाली नळी चिमटल्यासारखी बारीक दिसली तर तो पोर्ट काढायचा, तुटायची वाट बघायची नाही. औषध देताना तिथे सूज किंवा आग होते, रक्त मागे ओढता येत नाही, हीसुद्धा थांबून बघण्याची कारणं. जोर लावून सिरिंज दाबू नका, नर्सला दाबू देऊ नका.

आता काढतात कसं ते सांगतो, कारण भीती निम्मी तिथलीच असते. जांघेत भुलीचं इंजेक्शन देतात, पेशंट जागाच असतो. शिरेत एक आखूड जाड नळी बसवतात, तिला आम्ही शीथ म्हणतो, तो आमचा दरवाजा. त्यातून एक लांब नळी वर हृदयापर्यंत जाते आणि तिच्या आत असतो फास, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची बारीक तार, टोकाला गोल कडी. ही कडी नळीतून बाहेर आली की आपोआप उघडते आणि दांड्याशी काटकोनात उभी राहते, जशी विहिरीत बादली काढायला टाकलेल्या दोरीची गाठ. एक्स-रेच्या पडद्यावर आईच्या नळीचं मोकळं टोक दिसतंय, प्रत्येक ठोक्याला उडतंय, आणि मला ती कडी त्या टोकावरून ओवायची आहे. टोक सापडलं की कडी ओढून घट्ट करायची नाही, इथे नवीन मुलं चुकतात, कडी ओढली की ती टोकावरून निसटते. कडी जागच्या जागी धरायची आणि बाहेरची नळी तिच्यावर पुढे सरकवायची. मग पकड बसते, पडद्यावर तुकडा एकदम शहाण्यासारखा मागे मागे यायला लागतो, खालच्या मोठ्या शिरेतून जांघेपर्यंत, आणि शीथमधून बाहेर. सगळं जुळून आलं तर अर्ध्या तासात होतं, नाही जुळलं तर दोन तासही लागतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी घरी.

अडचण कुठे येते? एक, दोन्ही टोकं भिंतीला टेकलेली असली की कडी ओवायला मोकळं टोकच नसतं. मग आधी वळलेल्या टोकाच्या नळीने तुकड्याला मधेच आकडा घालून हलकेच खाली ओढायचं, एक टोक मोकळं करायचं आणि मग फास. दुसरी अडचण काळाची. महिने गेले की तुकड्यावर पांढरट आवरण चढतं आणि तो जिथे टेकलाय तिथे भिंतीला चिकटतो. थोडा चिकटलेला असेल तर सावकाश सोडवता येतो, पण ओढताना झडपेच्या दोऱ्या ताणल्या जातायत किंवा भिंतच बरोबर येतेय असं दिसलं तर थांबायचं. थांबणं हाही अनुभवाचाच भाग आहे, आणि म्हणून हे काम अशा ठिकाणी करा जिथे गरज पडली तर त्याच इमारतीत हार्ट सर्जन आहे.

माझ्याकडच्या एका बाईंचा तुकडा मला अजून डोळ्यासमोर आहे. त्यांचाही पोर्टचाच, आईसारखाच झडपेत आडवा. बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला तेव्हा एक टोक अगदी स्वच्छ, फॅक्टरीत कापलेलं होतं तसं गोल, आणि दुसरं टोक चपटं, फाटकं, कडेला दातांनी चावलेल्या स्ट्रॉसारखं. मूळची मऊ नळी कडक आणि पिवळट झालेली, मधल्या भागावर बुळबुळीत पांढरा थर. आणि त्या थराच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी गुठळी. इकोमध्ये ती गुठळी दिसलेली नव्हती. बाईंना काहीही त्रास नव्हता, त्यांच्या घरचेही "राहू दे" म्हणत होते. तो दाणा पाहिल्यापासून झडपेत आडव्या तुकड्याला मी "बघू नंतर" म्हणत नाही.

हे सगळं हल्लीचं आहे असं वाटेल पण नाही. हृदयाला हातच लावायचा नाही असा जमाना होता, १८९६ मध्ये फ्रँकफर्टला लुडविग रेन यांनी भोसकलेल्या हृदयाला टाके घातले आणि पेशंट वाचला तिथून ते बदलायला लागलं. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकन सैन्यातल्या सर्जनने सैनिकांच्या छातीतून, हृदयाच्या आतून आणि आसपासून १३४ गोळ्या आणि बॉम्बचे तुकडे काढले, त्यातले १३ थेट हृदयाच्या कप्प्यांतून, आणि एकही पेशंट दगावला नाही. हार्ट-लंग मशीन तेव्हा नव्हतं, त्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५३ चं, म्हणजे हे सगळं चालू हृदयावर. छाती न उघडता, शिरेतून वस्तू काढल्याची पहिली नोंद १९६४ ची, आत तुटलेला गाईडवायरचा, म्हणजे नळीला वाट दाखवणाऱ्या तारेचा, तुकडा होता आणि तो काढायला श्वासनलिकेसाठीचा चिमटा वापरला होता. आज आमच्याकडे खास त्याच कामाचे फास आहेत. सांगतोय एवढ्यासाठी की "हृदयातून काढायचं" हे ऐकायला जितकं भयंकर वाटतं तितकं ते आता अनोळखी राहिलेलं नाही.

मग मी कुठे हात लावत नाही? एक तरुण आला होता, छातीत एअरगनचा छर्रा, घटना होऊन ६ वर्षं झालेली, सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये एक्स-रेत दिसला. ईसीजीबरोबर जुळवलेला सीटी केला, छर्रा खालच्या कप्प्याच्या जाड स्नायूत पूर्ण गाडलेला, चारी बाजूंनी मांस, कप्प्याच्या आत डोकावत नाही, पिशवीच्या बाजूनेही नाही. इको नॉर्मल, ठोके नॉर्मल. तो काढायचा म्हणजे चांगलं मांस कापायचं. आम्ही तो ठेवला, दर वर्षी तपासतो, तो जिथल्या तिथे आहे. पाठीच्या मणक्यात भरलेलं हाडाचं सिमेंट शिरेतून निसटून फुप्फुसाच्या टोकाच्या फांदीत जाऊन बसतं, त्रास नसेल तर तेही बहुतेक वेळा ठेवतात. म्हणजे बघा, लहान, गुळगुळीत, जुनी, पूर्ण रुतलेली, आणि काही त्रास नाही, एवढं सगळं जमून आलं तर "हात लावू नका" हा सल्ला बरोबर. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात बहुतेक असाच एखादा पेशंट असेल. आईच्या तुकड्याला यातलं "त्रास नाही" एवढंच लागू होतं.

सुई मात्र वेगळी जात आहे, लहान असली तरी. शिवणकामाची सुई कपड्यात राहते, त्यावर पालथं पडलं की छातीतून आत जाते, बाहेर एक लाल टिंब दिसतं आणि संपलं. अशा एका मुलीचा पडद्यावरचा फोटो बघितला तेव्हा सुई दर ठोक्याला मान डोलवत होती, म्हणजे तिचं टोक हृदयाच्या भिंतीत आणि मागचा भाग बाहेर. सुई प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी पुढे सरकते आणि आज स्नायूत आहे ती उद्या कप्प्यात असू शकते. ती आम्ही ठेवली नाही, सर्जनने त्याच रात्री काढली. आणि अशा पेशंटचा एमआरआय कधीही करायचा नाही, लोखंडी सुई चुंबकाने आत फिरेल. आईची नळी प्लास्टिकची आहे त्यामुळे हा प्रश्न तिच्यापुरता येत नाही, तरी कुठलीही तपासणी करायच्या आधी आत काय आहे ते सांगत जा. तसंच खांद्याच्या किंवा कॉलर बोनच्या फ्रॅक्चरला घातलेल्या तारा, त्या सुटून छातीत, अगदी हृदयापर्यंत आणि एओर्टापर्यंत सरकल्याच्या केस नोंदलेल्या आहेत. हाड जुळल्यावर तार काढायची तारीख दिली असेल तर दुखत नाही म्हणून टाळू नका.

आणि एक जे अगदी उलट आहे. चाकू, सळई, काच, काहीही छातीत घुसलेलं असेल तर ते घरी किंवा रस्त्यात उपटायचं नाही. ती वस्तूच भोकाला बूच असते. ती हलणार नाही अशी आजूबाजूने कापडाची घडी लावून धरा आणि हॉस्पिटल गाठा, ऑपरेशन टेबलावर छाती उघडल्यावर सर्जनच ती काढेल. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं पण हा विषय निघाला की मी सांगतोच, कारण उपटल्यामुळे गेलेला पेशंट मी पाहिलाय.

हॉस्पिटलमध्ये आमच्याच हातून राहिलेल्या गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे, लपवण्यासारखं काही नाही. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली औषधाची नळी, घालताना जी तार वापरतात ती साधारण ६० सेंटीमीटर असते, तिचं मागचं टोक कायम हातात धरायचं हा पहिला धडा. रात्रीची ड्युटी, दमलेला डॉक्टर, पेशंट कोसळतोय, आणि तार पूर्ण आत जाते. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत मानेपासून जांघेपर्यंत एक रेघ दिसते. मी अशा तारा काढल्या आहेत, ताज्या असतील तर ते सोपं काम असतं, त्यात वाईट एवढंच की कधी कधी ती रेघ आठवडाभर कोणाच्या नजरेत येत नाही. पायातली गुठळी वर जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत बसवलेल्या फिल्टरच्या तारा तुटून हृदयात जातात, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि उपकरणं नियंत्रण संस्थेने २०१० पासून सांगितलंय की गरज संपली की काढता येण्याजोगे फिल्टर काढून टाका. अँजिओप्लास्टीत फुग्यावरून स्टेंट निसटणं आता फार कमी झालंय, झालंच तर तिथल्या तिथे बारीक फुग्याने ओढून घेतात नाहीतर दुसऱ्या स्टेंटने भिंतीला चेपून टाकतात. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक बंद करायला बसवलेली छत्री सुटून पुढे गेली तर तीही बऱ्याचदा फासानेच निघते.

परत आईकडे येतो. तुकडा उजवीकडे, लांब, सुटा, झडपेतून आडवा, म्हणून काढायचा. घाई किती, तर आज रात्री इमर्जन्सीत पळायची नाही, पण पुढच्या महिन्यावरही ढकलायचं नाही. मधल्या दिवसांत ताप, थंडी वाजणं, धाप, धडधड, चक्कर, छातीत दुखणं, थुंकीत रक्त यातलं काहीही आलं तर मात्र वाट न बघता त्याच वेळी भरती. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, घ्यायला सांगा, आधी गोळी दिली की जंतू सापडत नाही आणि मग सगळे चाचपडत बसतात.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा छातीचा एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन्ही न्या. फक्त समोरून काढलेल्या फोटोत हृदयाच्या पुढे काय, मागे काय आणि आत काय हे सगळं एकावर एक दिसतं. गेल्या ४ वर्षांतले जुने एक्स-रे किंवा पेट स्कॅन घरात असतील तर शोधाच, तुकडा कधीपासून तिथे आहे ते त्यांवरून कळतं, आणि ३ महिने जुना तुकडा काढणं आणि ३ वर्षं जुना काढणं यात फरक आहे. इकोमध्ये तुकड्यावर गुठळी किंवा गोळा आहे का, झडप किती गळतेय, हृदयाभोवती पाणी आहे का, हे स्पष्ट विचारा, छातीवरून नीट दिसत नसेल तर अन्ननलिकेतून इको करावा लागेल. मोठी गुठळी दिसली तर माझं वरचं सगळं गणित बदलतं, कारण फासाने ओढताना ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, मग आधी रक्त पातळ करायचं औषध की थेट सर्जरी हे ठरवावं लागतं. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते का, किडनी कशी आहे, कशाची ॲलर्जी आहे का, हे तुम्ही स्वतःहून सांगा.

आणि जे काढणार आहेत त्यांना सरळ विचारा की तुम्ही असे तुकडे याआधी काढलेत का, नाही निघाला तर पुढे काय, सर्जन कोण. याने कोणी चांगला डॉक्टर दुखावत नाही, मला तर असं विचारणारे नातेवाईक आवडतात, त्यांच्याशी नीट बोलता येतं. आईलाही सगळं सांगा, तिच्यापासून लपवून सही घेऊ नका. ती कॅन्सरमधून गेलेली बाई आहे, जांघेतल्या एका टोचणीला ती तुमच्यापेक्षा कमी घाबरेल.

तुकडा निघाला की एक काम तिथल्या तिथे करून घ्या. पोर्टबरोबर आलेला बोटभर तुकडा त्या हॉस्पिटलने टाकून दिला नसेल तर तो मागून घ्या, कॅथलॅबमध्ये द्या, आणि बाहेर आलेला तुकडा त्याच्या शेजारी ठेवून लांबी मोजायला सांगा. फाटकी टोकं एकमेकांना जुळली पाहिजेत आणि एकूण लांबी पोर्ट बसवतानाच्या नोंदीतल्या नळीएवढी भरली पाहिजे, नाहीतर एखादा कपचा अजून फुप्फुसात आहे असं समजून टेबलावरून उतरायच्या आधीच पडद्यावर शोधायचा. टाकून दिला असेल तर बाहेर आलेल्या तुकड्याची दोन्ही टोकं तरी बघायला सांगा आणि शेवटचा एक एक्स-रे काढूनच आईला वॉर्डात आणा.